सरदाराच्या मापाचं थडगं

"मला नाही बाई येत रडू," बिल्हा अंगावरच्या शोकाच्या गोणपाटाची दोरी कमरेशी आवळत पुटपुटली. "सकाळपासून बघतेय. आईचं मरण आठवलं, पहिलं लेकरू गेलं ते आठवलं, लांडग्याने नेलेली शेळीसुद्धा आठवून झाली. डोळे कोरडे ठणठणीत. कांदा असला तर दे एखादा."

"कांदा नको," येदीदा म्हणाली. "मागच्या खेपेला तू कांद्याने रडलीस आणि शेजारी उभ्या याजकाला शिंका सुटल्या."

"मग कशी रडू? मेला एकदाचा, म्हणून आनंदाने रडले तर चालेल का गं?"

"हळू बोल. भिंतीपलीकडे त्याची बायको आहे."

बिल्हाने जीभ चावली, चुलीतली मूठभर राख उचलली आणि केसांत टाकली. राख टाकण्यात मात्र तिचा हात सढळ होता.

बेथ-रेमेथ गावात कुणी मेलं की रडायला या बायका येत आणि त्यांच्यापुढे येदीदा असे. विलापाची ओळ तिने उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि गावाने शेवटी 'आमेन' म्हणायचं. ही विद्या तिला आईकडून आली होती, आणि विद्येबरोबर एक पथ्यही. आई म्हणे, "मेलेल्यापुढे खोटं गायचं नाही, पोरी. त्याला आता बोलता येत नाही, म्हणून परमेश्वर स्वतः त्याच्या उशाशी कान देऊन बसलेला असतो." येदीदाने हे पथ्य जन्मभर पाळलं होतं. सोपं नव्हतं ते. कंजूष मेला की ती गाई, 'त्याची कोठारं कधी रिकामी दिसली नाहीत.' भांडकुदळ सासू गेली की गाई, 'तिचा आवाज डोंगरापार पोचत असे.' घरचे समाधान पावत, परमेश्वराचीही तक्रार नसे.

पण आज मेला होता अज्मावेथ. राजाने नेमलेला सरदार, गावाचा कारभारी, वेशीत बसून न्याय करणारा. न्याय म्हणजे काय, तर अगोदर निकाल ठरायचा, मग साक्षीदार शोधायचे आणि सर्वांत शेवटी गुन्हा. आदल्या रात्री मेजवानीत भरल्या ताटावर तो जो पुढे वाकला, तो उठलाच नाही. वाढप्यांना वाटलं, सरदार सागुती हुंगतायत.

त्याच्या पंगतीला रोज बसणारा संदेष्टा हशब्या याने याच महिन्यात परमेश्वराच्या नावाने सांगितलं होतं की, सरदार नातवंडांची लग्नं बघतील. नातवंडं अजून रांगत होती. सकाळी लोकांनी हशब्याला गाठलं, तेव्हा तो म्हणाला, "वरून बघतील. मी कुठून ते कुठे म्हटलं होतं?"

येदीदाला अज्मावेथवर गायला शब्द सुचत नव्हते, त्याचं कारण साऱ्या गावाला माहीत होतं. गावाखालच्या उतारावरचं तालींचं शेत तिच्या बापाचं. बापाला मुलगा नव्हता, आणि ज्याला मुलगा नाही त्याचं वतन मुलीला, हे मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. अज्मावेथ म्हणाला, असेल. मग एल्दाद नावाचा एक वडीलधारा उठला आणि त्याने शपथेवर सांगितलं की, येदीदाच्या बापाने पेल्यावर पेले रिचवता रिचवता ते शेत सरदाराला विकून टाकलं, मी तिथेच बसलो होतो. येदीदाच्या बापाने उभ्या आयुष्यात द्राक्षारसाला ओठ लावला नव्हता. नवसच होता त्याचा. पण वेशीतल्या पंचांपैकी कुणालाच ते त्या दिवशी आठवलं नाही.

तेव्हापासून दर हंगामात येदीदा त्या शेतात जाई. गरिबांसाठी कापणीत मागे राहिलेली कणसं वेचायला, इतर विधवांबरोबर. आपल्याच शेताच्या कडेने आपल्याच सातूची पडलेली कणसं ओटीत घ्यायची आणि निघताना मुकादमाला म्हणायचं, परमेश्वर तुमचं भलं करो.

शेताच्या वरच्या अंगाला कातळ होता. राजधानीतल्या बड्या लोकांसारखं आपलंही कोरीव थडगं असावं, अशी अज्मावेथला हौस. गावातली माणसं वेठीला धरून त्याने कातळ खोदायला घेतला. तेव्हा नोगा वेशीत येऊन उभा राहिला. हा नोगाही संदेष्टाच, पण कुणाच्या पंगतीला बसणारा नव्हता. त्याला कुणी बोलावतच नसे, कारण तो जेवताना खरं बोलायचा. तो म्हणाला, "अज्मावेथ, दुसऱ्याच्या शेतात तू आपल्यासाठी घर खणतोयस. खण. पण परमेश्वर म्हणतो, त्या दारातून तू आत जायचा नाहीस." त्याला धोंडे मारून गावाबाहेर काढलं. तो यार्देन नदीपलीकडे गेला, म्हणतात.

गाव मात्र त्या शब्दाची वाट बघत राहिलं. उत्तरेकडून सैन्य येतंय अशी आवई उठली की सगळे चोरून अज्मावेथकडे बघत: याला साखळदंड घालून नेणार बहुतेक. सैन्य आलं नाही. साथ आली, त्याला शिवली नाही. भूकंपात त्याचा एक रांजण तेवढा तडकला. लोक म्हणू लागले, नोगा चुकलाच म्हणायचा. अज्मावेथ मात्र तोवर येदीदाच्या शेतातली सातू, मेंढ्यांच्या चरबीदार शेपट्या आणि मधात बुडवलेले अंजीर खात निवांत फुगत होता. परमेश्वराचा शब्द असाही पुरा होत असेल, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही.

*

येदीदा भिंतीपलीकडे गेली. अज्मावेथची बायको शेलोमीथ जमिनीवर, तिरडीच्या पायथ्याशी बसली होती. तिच्या अंगावरचं वस्त्र रीतीप्रमाणे फाडलेलं होतं आणि एक हात नवऱ्याच्या पावलावर होता. दोघी एका वयाच्या. लहानपणी एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या. शेताचा निकाल लागल्यापासून शेलोमीथ तिला बघून विहिरीवरून लवकर निघायची.

"बाईसाहेब, मला विलाप बांधायचाय," येदीदा म्हणाली. "खरं असेल तेच मी गाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यांचं काहीतरी सांगा. चांगलं."

शेलोमीथ विचार करू लागली. बाहेर बिल्हाने रडून बघितलं आणि सोडून दिलं.

"टरबूज फार आवडायचं त्यांना," शेलोमीथ शेवटी म्हणाली.

"टरबूज. बरं. आणखी?"

"घोरायचे नाहीत." तिने नवऱ्याच्या पावलावरून हात फिरवला. "एवढा मोठा देह, पण झोप लहान मुलासारखी. कशी लागायची कोण जाणे."

मग शेलोमीथ म्हणाली, अगदी हळू, "लग्नाच्या वर्षी ओढ्याला पूर आला होता. माझ्या पायात काटा मोडलेला. मला पाठीवर घेऊन पलीकडे गेले. तेव्हा असे नव्हते गं ते. काठीसारखे होते. माझ्या वजनाने वाकले होते."

"हे गाईन मी," येदीदा म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याच नकळत मऊ झाला. मेलेल्या माणसाचं हेच वाईट. त्याचा राग धरावा, तर कुठून तरी त्याचं एखादं काठीसारखं रूप येऊन उभं राहतं.

अंगणात अज्मावेथचा मुलगा गेरा तिची वाट अडवून उभा होता. बापाची अंगठी त्याने सकाळीच बोटात घातली होती. ती सैल होती म्हणून तो मूठ मिटून बोलत होता.

"येदीदामावशी," तो म्हणाला.

कालपर्यंत 'ए रडवे' म्हणणारा गेरा 'मावशी' म्हणाला, तेव्हाच ती सावध झाली.

"एक ओळ घालायची विलापात. 'तो आपल्या वाडवडिलांच्या भूमीत निजला.' बस्. बाकी तू काहीही गा."

"टरबूज गाणार आहे मी."

"गा की. टरबूज गा, भोपळा गा. पण ही ओळ पाहिजे. आणि कातळापाशी गायची, सगळं गाव ऐकत असताना."

तिला डाव कळला. मेलेल्याच्या पायाशी जे गायलं जातं आणि ज्याला गाव आमेन म्हणतं, ते बेथ-रेमेथमध्ये वेशीतल्या निकालाहून पक्कं. सरदार गेला, उद्या राजा नवा कारभारी नेमेल, तो जुन्या तक्रारी ऐकेल. त्याआधी गेराला शेतावर साऱ्या गावाचं आमेन हवं होतं. आणि प्रेतापुढे बोललेल्या खोट्याचं पाप गाणारीला लागतं, आमेन म्हणणाऱ्यांना नाही. म्हणजे खोटं हिच्या गळ्यात आणि शेत याच्या घशात.

"गायलीस, तर मरेपर्यंत आमच्या कोठारातून पीठ आणि तेल," गेरा म्हणाला. "नाही गायलीस, तर शब्बाथ सरला की वेशीबाहेर. नोगा ज्या वाटेने गेला ती वाट अजून आहे."

"आणि बिल्हा? बाकीच्या?"

"त्याही. सगळ्याच भिकारणी."

येदीदा वेशीकडे निघाली. तिचे गुडघे दुखत होते आणि घरात पीठ संपत आलं होतं. पीठ आणि तेल हे शब्द तिच्या कानात पार वेशीपर्यंत घुमत राहिले. ते तिला गोड वाटले, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही.

*

आठवड्याचा सहावा दिवस होता. सूर्य बुडाला की शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा पवित्र दिवस, लागणार, त्याआधी प्रेत झाकलं जायला हवं. तिरडी उचलायला आठ गडी घेतले होते. उतारावर त्यांना आणखी चार मिळाले आणि तरी सगळे वाकले. सर्वांत पुढे येदीदा आणि बायका, मग याजक, मागे पंच, त्यांच्यामागे हशब्या संदेष्टा, ज्याने दुःखाने वस्त्र फाडलं होतं, पण शिवणीवर, पुन्हा शिवता यावं म्हणून. येदीदाने टरबुजाची ओळ उचलली. बायकांनी झेलली. गाव आमेन म्हणालं. टरबुजाला हरकत घेण्याचं कुणाला कारण नव्हतं.

शेताच्या कोपऱ्यावर तिच्या बापाने लावलेलं अंजिराचं झाड होतं. निकालानंतर ती पहिल्यांदाच वेचणारीण म्हणून नव्हे, सर्वांच्या पुढे चालत त्या शेतात शिरली. तिला जरा हसू आलं. तेही तिने विलापात मिसळून टाकलं.

कातळाशी तिरडी टेकली. थडग्याचं दार देखणं होतं, दोन्ही बाजूंना डाळिंबं कोरलेली. गड्यांनी प्रेत उचललं आणि पुढे सरकवलं. डोकं आत गेलं. खांदे घासत, कुरकुरत गेले. मग पोट आलं, आणि पोट थांबलं.

"ढकला," गेरा म्हणाला.

ढकललं.

"कुशीवर वळवा."

वळवलं. कुशीवर सरदार आणखी उंच झाला.

"पायाकडून घ्या की रे!"

बाहेर ओढून पायाकडून घेतलं. पाय, मांड्या, आणि पुन्हा तेच पोट, दुसऱ्या बाजूने. मग ओढून पुन्हा डोक्याकडून घातलं, तरी तेच.

"तेल लावून बघायचं का?" एका गड्याने मनापासून विचारलं.

"गप!" गेरा ओरडला आणि पाथरवटाकडे वळला. "दार लहान केलंस तू!"

"माप बरोबर होतं, मालक," पाथरवट म्हणाला. "दोरी धरून मीच घेतलं होतं. दार आहे तेवढंच आहे. सरदार वाढले."

मागे कुणीतरी खोकलं. एकाला खोकला आला तसा सर्वांनाच आला. बिल्हाने गोणपाटात तोंड लपवलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. डोळ्यांतून अखेर पाण्याच्या धारा लागल्या, अशा की नाकाचा शेंडा गळू लागला. "केवढा जीव होता हिचा सरदारांवर," एक म्हातारी हळहळली. दारातून तू आत जायचा नाहीस, हे शब्द आता प्रत्येकाच्या डोक्यात वाजत होते, पण प्रत्येकजण आकाशात पक्षी बघत होता.

"छिन्नी आणा," गेरा म्हणाला. "दार रुंद करा."

पाथरवटाने सूर्याकडे पाहिलं. "हातभर कातळ तोडायचाय, मालक. आज व्हायचा नाही. आणि आता शब्बाथ लागेल."

"शब्बाथाला काम केलं नाहीत कधी? आमच्या माडीचं छत कधी घातलंत?"

"घातलं ना. शब्बाथालाच. तुमच्या वडिलांनी फटके मारून घालून घेतलं. आता फटके मारणारा हा असा पडलाय," पाथरवट म्हणाला आणि त्याने छिन्नी पिशवीत टाकली. बाकीच्यांनीही टाकल्या. परमेश्वराची आज्ञा पाळण्यात इतका आनंद असतो, हे त्या बिचाऱ्यांना आजच समजत होतं.

"हशब्या!" गेराने हाक मारली. "सांग यांना. तेव्हा तूच म्हणाला होतास, सरदाराचं काम ते परमेश्वराचं काम."

हशब्याने गर्दीकडे पाहिलं. गर्दीत हातोडे बरेच होते. "परमेश्वर," तो घसा साफ करत म्हणाला, "आज माझ्याशी काही बोललेला नाही."

"पहिल्यांदा खरं बोलला मेला," बिल्हा धारा पुसत म्हणाली.

गावातल्या दुसऱ्या कुणाच्या थडग्यात न्यावं, तर ज्याला विचारावं त्याचं थडगं आजच भरलेलं निघालं. सरदाराच्या बापाचं गाव दिवसभराच्या वाटेवर. शेवटी कबरी खणणारा पुढे आला. तो चिडलेला होता. त्याच्या घरी रोट्या निवत होत्या.

"इथेच शेताच्या खालच्या मातीत खड्डा घेतो," तो म्हणाला. "माती भुसभुशीत आहे, सगळे हात लागले तर सूर्याच्या आत होईल. जागा कोण देतंय?"

हा प्रश्न मातीच्या प्रत्येक कबरीआधी विचारतात. मालकाने प्रेतासमोर मोठ्याने 'देतो' म्हणायचं आणि पंचांनी आमेन म्हणायचं, मगच पहिली कुदळ. नाहीतर मेलेला माणूस मातीचा चोर ठरतो. कोरीव थडग्याला हे कुणी विचारत नाही, आणि सरदाराला थडग्याची एवढी हौस का, याचं उत्तर बहुधा त्यातच होतं.

"मी देतो," गेरा म्हणाला.

कबरी खणणाऱ्याने पंचांकडे पाहिलं. पंचांनी एल्दादकडे पाहिलं. एल्दाद आपल्या चपलेचा बंद तपासत होता. वेशीत बसून शपथ घेणं निराळं. तिथे सावली असते, गार पाणी असतं. इथे प्रेत समोर, आणि प्रेतापुढे खोटी साक्ष देणारा वर्षाच्या आत त्याच्या मागोमाग जातो, असं त्याची आजी सांगत असे. एल्दादचा परमेश्वरावर फारसा विश्वास नव्हता, आजीवर होता.

"आमेन म्हणा की!" गेरा म्हणाला.

"विलाप पुरा होऊ दे," एल्दाद बंदाकडे बघतच म्हणाला. "तिने गाऊ दे. तिच्या मागून आम्ही म्हणतोच."

सगळे येदीदाकडे वळले. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. तटावर शब्बाथाचं शिंग वाजवणारा शिंग ओठांशी धरून खाली बघत होता. दारापाशी अज्मावेथ अर्धा आत, अर्धा बाहेर पडला होता आणि त्याच्या पावलांवर माशा बसू लागल्या होत्या. शेलोमीथ त्या पदराने वारत होती.

येदीदाने गायला सुरुवात केली. तो निजायचा लहान मुलासारखा, तिने गायलं. आमेन. पुराच्या ओढ्यात उतरला तो, काठीसारखा तरुण, बायकोला पाठीवर घेऊन. काटा तिच्या पायात आणि कळ त्याच्या तोंडावर. इथे खरंच काही बायका रडल्या. आमेन, गाव म्हणालं, आणि यावेळी ते आमेन ओठांवरचं नव्हतं.

मग तिने पुढची ओळ उचलली. "तो निजला…"

पीठ आणि तेल. बिल्हाचे सुजलेले डोळे. नोगाची वाट. सगळं गाव तोंडात आमेन घेऊन उभं होतं. आणि अज्मावेथच्या उशाशी, जिथे त्याचं डोकं असेल तिथे, कुणीतरी कान देऊन बसलं होतं. ते तिला लहानपणापासून जितकं स्पष्ट दिसत आलं होतं तितकंच आताही दिसलं.

तिने तोंड मिटलं आणि ती खाली मातीत बसली.

"गा!" गेरा दातांतून म्हणाला.

"पुढची ओळ येईना मला."

"मी सांगितलीय तुला!"

"ती नाही येत. कबरी खणणाऱ्याने विचारलंय, जागा कुणाची. ज्याची आहे त्याला विचारा. त्याने दिली, की मी गाईन, कुणाच्या भूमीत निजला ते. सगळी ओळ गाईन, आवाज चढवून गाईन."

"मग चालती हो वेशीबाहेर!"

"जाईन. पण तुझ्या बापाला आधी कुठेतरी ठेव. रात्री इथे कोल्हे येतात. मला माहीत आहे, मी इथे लहानपणी राखणीला असायचे."

गेराने पंचांकडे पाहिलं. ते सूर्याकडे बघत होते. त्याने हशब्याकडे पाहिलं. हशब्या गर्दीत बऱ्यापैकी मागे पोचला होता. "कुणाला विचारू?" गेरा ओरडला, पण त्याचा आवाज फाटला, आणि मूठ उघडली तशी बापाची अंगठी बोटातून निसटून ढेकळांत पडली. "बोला ना कुणीतरी! कुणाला विचारू मी?"

एल्दादने दुसऱ्या चपलेचा बंद धरला.

तेव्हा शेलोमीथ उठली. नवऱ्याच्या पावलावरचा हात तिने अगदी शेवटी काढला. ती येदीदासमोर येऊन उभी राहिली. विहिरीवरून पळून जायची ती बाई आज हलली नाही.

"गुडघे टेक, गेरा," ती म्हणाली. "तुझ्या बापाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, या सगळ्यांना ठाऊक आहे. हे शेत येदीदाचं आहे. तिच्याकडे जागा माग."